पाणी बंदच्या दिवशी चेंबर तुंबतं, दुसऱ्या दिवशी नळाला वास येतो. कारण काय?

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची जुनी सोसायटी आहे. गंगापूर धरणातला साठा खाली गेल्यामुळे आठवड्यातून एक दिवस पाणी बंद असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पाऊस लांबला तर कपात करावीच लागेल. पण बंदच्या दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरच्या घरांत न्हाणीतून कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो आणि मागच्या बाजूचं गटाराचं शेवटचं चेंबर भरून वर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं की पहिल्या काही बादल्या गढूळ, कधीकधी चक्क गटाराचा वास. दोन लहान मुलांना जुलाब झाले म्हणून लिहितोय.
पाणी कमी वापरलं तर गटारही कमी भरायला हवं ना? उलटं का होतंय? मिटिंगमध्ये काही जण म्हणतात की फ्लशच बंद करून टाका, तेवढंच पाणी वाचेल. जाणकारांनी सांगावं.

सिडको_प्लंबिंग
दादा, वासाचं आधी बघा. न्हाणीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात दोन इंच पाणी कायम उभं राहिलं पाहिजे. तेच पाणी गटाराचा वायू अडवतं. उन्हाळ्यात फ्लॅट बंद ठेवून लोक गावी जातात, ट्रॅप सुकतो आणि वास थेट घरात. बंद फ्लॅटची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला सांगा, आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये एक तांब्या पाणी ओतायचं. वापरात नसलेलं वॉशबेसिनही विसरू नका.

निवृत्त_जलअभियंता
सेक्रेटरीसाहेब, प्रश्न अगदी मुळाचा आहे. नोकरीची सगळी वर्षं मी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण या दोन्हींत काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
गटार वाहतं ते पाण्यामुळे. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं असा हिशोब करतात. पाइपाचा उतार आणि व्यास त्यावरच ठरतो. मैला तळाला बसू नये म्हणून दिवसातून निदान एकदा तरी प्रवाहाला सेकंदाला 0.6 मीटर वेग मिळायला हवा. कपात आली की पाणी घटतं, पण माणसं तेवढीच आणि मैलाही तेवढाच. वेग पडतो, घट्ट भाग पाइपात बसतो, वरून स्वयंपाकघरातलं तेलतूप थिजून त्याला चिकटतं. तुमचं शेवटचं चेंबर तुंबतं कारण सगळ्या विंगचा गाळ तिथे जमतो.
हा गाळ पाइपात सडला की हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तुम्हाला येणारा वास त्याचाच. पाइपाच्या आतल्या ओलसर छतावर त्याचं आम्ल होतं आणि ते सिमेंटचा पाइप वरून खात जातं. एक जुना पाइप उकरून काढताना पाहिला होता. खालचा अर्धा भाग ठणठणीत, वरची बाजू बोटाने खरवडली तरी वाळूसारखी गळत होती, आतली सळई उघडी. दुष्काळ संपल्यावर पुढे कधीतरी रस्ता खचतो, तेव्हा त्याचा संबंध या उन्हाळ्याशी कुणी लावत नाही.
आता नळाचं. जलवाहिनीत दाब असतो तोवर फुटक्या जागेतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं, उताराकडे निघून गेलं, की आत पोकळी होते आणि त्याच फुटक्या जागेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारी तुंबलेलं गटार असेल तर तेच आत येतं. पाण्याची लाइन गटारापासून आडवी 3 मीटर लांब आणि पातळीने वर असावी असा नियम आहे, पण जुन्या गल्ल्यांत तेवढी जागाच नाही. त्यातच कुणी नळाला थेट मोटार लावली असेल तर ती मोटार आजूबाजूची घाण ओढून सगळ्या इमारतीला पाजते. बंदचा दिवस आणि तुंबलेलं चेंबर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. एक दिवस पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा रोज कमी वेळ, पण लाइन भरलेली राहील असा पुरवठा करणं शक्य असेल तिथे मी नेहमी त्याच बाजूने बोलत आलो. टेकडीवरच्या भागाला कमी दाबाने पाणी चढत नाही, तिथे हे जमत नाही, हेही खरं.
फ्लश मुळीच बंद करू नका. अंघोळीचं, कपड्यांचं पाणी बादलीत साठवा आणि तेच फ्लशला वापरा, पण एका दमात ओता. थोडं थोडं ओतलेलं पाणी मैल्याला चेंबरपर्यंत नेत नाही.
पाणी आल्यावर पहिलं पाणी टाकीत घेऊ नका. ते वेगळ्या पिंपात काढा, झाडांना आणि फ्लशला चालेल. मग टाकीतल्या पाण्याला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, 1000 लिटरला 5 ग्रॅम. आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नळाशी निदान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक राहिला पाहिजे. रंगच आला नाही तर घाण अजून येतेय असं समजा आणि फुटकी जागा शोधा. मुलांना तोवर उकळलेलंच पाणी द्या.

मनमाडची_वहिनी
तुमच्याकडे आठवड्यात एक दिवस बंद. आमच्या मनमाडला पंधरा-पंधरा दिवसांनी नळ येण्याची सवय झालेली आहे, उन्हाळ्यात त्याहूनही लांबतं. वाघदर्डी धरणात पालखेडच्या कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीने सोडलेलं पाणी, आलं तर पाणी, नाहीतर टँकर. मी माहेरची नाशिकची, म्हणून दोन्हीकडचं बघते.
काका सांगतात ते पहिल्या पाण्याचं आमच्याकडे घरातली पोरंही जाणतात. आणखी एक सांगते. पाणी साठवलं की डास आले. डेंग्यूचा डास घाणीत नाही, स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवीन डास तयार. पंधरा दिवस झाकून ठेवलेल्या पिंपाला जरा फट राहिली तरी पुरे. जुनं सुती लुगडं दुहेरी करून तोंडाला बांधा, प्लास्टिकचं झाकण बसतंच असं नाही. पिंप रिकामं झालं की आतून ब्रशने घासा, कडेला चिकटलेली अंडी नुसत्या पाण्याने निघत नाहीत. सोसायटीची वरची टाकीही उघडून बघा सेक्रेटरीदादा, तिच्या झाकणाकडे कुणी बघत नाही.

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी
काका, वहिनी, मनापासून आभार. ग्रुपवर टाकतो. एका फ्लॅटची मोटार थेट लाइनला आहे हे मला माहीत आहे, आज त्यांच्याशी बोलतो.
एक प्रश्न उरतोच. मिटिंगमध्ये दर वेळी हाच वाद होतो की जायकवाडीला पाणी सोडलं म्हणून आपल्याला कपात. यात कितपत तथ्य?

निवृत्त_जलअभियंता
थोडं तथ्य आहे, पण अर्धंच. 2005च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात खोऱ्यातल्या सगळ्यांना टंचाई सारखी वाटून घ्यायची असं तत्त्व आहे. त्यावर 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश झाला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2015, 2018, 2023 या वर्षी सोडलं. मात्र पिण्याचं आरक्षण आधी बाजूला काढतात. शहराला गंगापूरबरोबर दारणा आणि मुकणे धरणांचंही पाणी आहे. एका दलघफूत, म्हणजे दशलक्ष घनफुटात, 2 कोटी 83 लाख लिटर पाणी असतं. गळतीत आणि चोरून जोडलेल्या नळांत किती दलघफू जातं, हा प्रश्नही जायकवाडीइतक्याच जोराने विचारायला हवा.
आणि मला सगळ्यात जास्त टोचते ती गोष्ट वेगळी आहे. साठ्याच्या बैठकीत धरणाचं पाणी मोजतात, वाटतात. तेच पाणी वापरून झाल्यावर तपोवनच्या, आगर टाकळीच्या, चेहेडीच्या, पंचकच्या मलजल केंद्रांवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या) येतं, त्याचा हिशोब त्या कागदावर नसतो. दुष्काळात बाराही महिने हमखास मिळणारं पाणी म्हणजे हेच! नागपूरने भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं. 2016च्या वीज दर धोरणातच म्हटलंय की मलजल केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक वीजकेंद्राने ते पाणी वापरायचं. आपलं एकलहऱ्याचं वीजकेंद्र त्या अंतरात सहज बसतं. राख कालवायला आणि यंत्रं थंड करायला धरणातलं पिण्याजोगं पाणी लागत नाही. टंचाईच्या वर्षी हे आधी आणि नागरिकांचा नळ बंद नंतर, असा क्रम लागला पाहिजे.

चांदोरी_शेतकरी
काकांचं बरोबर आहे, पण आमच्या बाजूनेही सांगतो. गोदावरीत उन्हाळ्यात वरून दुसरं पाणी नसतं. आवर्तन बंद असलं की आमच्यापर्यंत येतं ते शहराचं सांडपाणीच. प्रक्रिया नीट झालेली असेल तर आम्हाला तेही चालतं, कांद्याला, उसाला आम्ही मोटारी त्याच्यावरच लावतो. पण नीट झालेली नसली की पाणवेली फुगतात. सायखेड्याच्या पुलाला त्या अडकून राहतात, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह दर दोन दिवसांनी काढून साफ करावा लागतो. हात घातल्यावर कोपरापर्यंत खाज सुटते. हेच पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात जातं, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, असल्याचं 2020 मध्ये जाहीर झालेलं पक्ष्यांचं ठिकाण ते. तिथून डाव्या कालव्याने कोपरगावकडे. कोपरगावचे पिण्याचे साठवण तलाव याच कालव्यावर भरतात. म्हणून एकलहऱ्याला पाणी द्या, जरूर द्या, पण नदीत जे सोडाल ते स्वच्छ सोडा आणि नदी पूर्ण कोरडी करू नका. तुम्ही वरचे, आम्ही खालचे, आमच्या खालीही माणसं आहेत.

निवृत्त_जलअभियंता
भाऊ, तुमचं म्हणणं मान्य. पाण्याचं वाटप करताना नदीचा वाटाही धरायला हवा, मी वर तो लिहायला हवा होता. टंचाईत सांडपाणी दाट येतं आणि नदीत पातळ करायला पाणी नसतं, म्हणून नेमक्या याच महिन्यांत केंद्रांतलं एकही यंत्र बंद राहता कामा नये.

पाथर्डीफाटा_सेक्रेटरी
दादा, काका, आभार. मोटारवाल्यांनी ऐकलं, काढतो म्हणाले. आता चेंबरचं. एक माणूस आलाय, उद्या सकाळी आत उतरून हाताने गाळ काढून देतो म्हणतो, जेटिंग गाडीपेक्षा (दाबाच्या पाण्याने गटार साफ करणारी) स्वस्तात. कमिटी तयार आहे. हो म्हणू का?

निवृत्त_जलअभियंता
नाही. कृपा करून नाही. मी वर ज्या वायूबद्दल लिहिलं तोच त्या चेंबरमध्ये साचलेला आहे, आणि बंदच्या दिवसांनी तो वाढलेला आहे. थोडा असतो तेव्हा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास गेला असं वाटतं आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा घटनांनंतर त्यांच्या घरी जाऊन आलेला माणूस मी आहे. हाताने मैला काढायला बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हा आहे. मृत्यू झाला तर 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला आहे.
त्या माणसाला उद्याची मजुरी द्या आणि वरूनच काम करायला सांगा. आधी सगळ्या चेंबरची झाकणं उघडून तासभर ठेवा, जवळ मुलं फिरू देऊ नका, कुणी वाकून डोकं आत घालू नका. जेटिंग गाडी शेवटच्या चेंबरपासून वरच्या बाजूला लावा आणि सक्शनने गाळ ओढून घ्या, पुढे ढकलून शेजाऱ्याच्या लाइनला सोडू नका. शक्य असेल तर पाणी येण्याच्या दिवशी सकाळी काम ठेवा, धुऊन काढायला प्रवाह मिळेल. खर्च जास्त वाटला तर शेजारच्या दोन-तीन सोसायट्या मिळून गाडी बोलवा. काम झाल्यावर इथे कळवा.