जर्मनीत मास्टर्सला जाणाऱ्या बहिणीचा आरोग्य विमा : सरकारी की प्रायव्हेट? (वय २९, टाइप-१ डायबेटीस)

चोपड्याचा मेडिकलवाला

राम राम मंडळी. धाकटी बहीण ऑक्टोबरपासून श्टुटगार्टला मास्टर्सला चालली आहे. ॲडमिशन झालं, ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो भरले, आता घोडं अडलंय विम्यावर. एजंट म्हणतो, सरकारी विम्याला महिना दीडशे युरोच्या आसपास जातील, प्रायव्हेट तीस-पस्तीसमध्ये करून देतो, एका फॉर्मवर सही करून पाठवा. यंदा वादळात आमची केळी आडवी झाली, त्यामुळे महिन्याला शंभर युरो वाचणं ही घरात मोठी गोष्ट आहे.

पण ती नववीत असल्यापासून इन्सुलिनवर आहे. रोज चार वेळा पेन टोचते. दुकान आपलंच म्हणून आजवर कधी अडलं नाही, रात्री अकराला शटर वर करून कार्ट्रिज काढून दिलंय. तिकडे कोण देणार? शिवाय जानेवारीत तिला ३० पूर्ण होतात. त्याने काही फरक पडतो का?

अमळनेरची लेक

दादा, तो फॉर्म पाठवू नका. आधी हे वाचा.

इथे जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा कायद्यानेच लागू होतो. प्रायव्हेटला जायचं तर 'मला यातून वगळा' असा अर्ज करावा लागतो. त्याला बेफ्रायुंग म्हणतात आणि तो पहिल्या तीन महिन्यांतच करता येतो. एकदा केला की मागे घेता येत नाही, ते शिक्षण संपेपर्यंत सरकारी विम्याचं दार बंद. एजंटचा फॉर्म तोच आहे का, ते नीट बघा.

या स्वस्त पॉलिसींमध्ये आधीपासूनचा आजार सहसा बसत नाही. ताप आला तर बिल मिळेल, इन्सुलिनचं मिळणार नाही. उलट सरकारी क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा देणारी संस्था (टेक्निकर, आ-ओ-का, बार्मर अशा बऱ्याच आहेत) आजारामुळे कुणाला नाकारू शकत नाही आणि हप्ताही वाढवू शकत नाही. धडधाकट पोराला जो हप्ता, तोच तुमच्या बहिणीला. डॉक्टर चिठ्ठी देतो, फार्मसीत इन्सुलिनच्या एका पाकिटाला ५ ते १० युरो भरायचे, बाकी कासे भरते. दंडावर लावायचा शुगरचा सेन्सर तुम्ही दुकानात विकत असाल तर त्याची किंमत तुम्हाला माहीतच आहे. रोज चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्याला तो इथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर विम्यातून मिळतो. हप्त्याचे दीडशे एकीकडे आणि हा सगळा खर्च दुसरीकडे मांडा, मग ठरवा.

तापीकाठचा

ताईंशी सहमत. वयाचं सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. ज्या सेमिस्टरमध्ये ३० पूर्ण होतात, त्याच्या शेवटापर्यंत विद्यार्थ्याचा दर चालतो. युनिव्हर्सिटीचं विंटर सेमिस्टर ३१ मार्चला संपतं, म्हणजे तिला तो सहा महिने मिळेल. १ एप्रिलपासून तिचा विमा त्याच कासेत 'ऐच्छिक' म्हणून पुढे चालू राहील. हप्ता मात्र अडीचशे युरोच्या वर जाईल, तेवढी तयारी आजच ठेवा. पण सरकारीत राहता येईल हे महत्त्वाचं. तिशी ओलांडून जे पहिल्यांदाच शिकायला येतात, त्यांना बहुतेक वेळा प्रायव्हेटशिवाय गत्यंतर नसतं. तिला हा दरवाजा जेमतेम उघडा सापडलाय, तो हातचा घालवू नका.

चोपड्याचा मेडिकलवाला

ताई, भाऊ, फार उपकार झाले. फॉर्म उघडून बघितला, त्यावर बेफ्रायुंग हाच शब्द आहे. एजंटला आत्ताच फोन करून नाही सांगितलं. एप्रिलनंतरच्या जास्तीच्या पैशांचं मी बघतो, इन्सुलिनमध्ये काटकसर करायची नाही हे घरात ठरलंय. आता शेवटचं विचारतो. ती सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उतरणार. सेमिस्टर सुरू होईपर्यंत काय?

अमळनेरची लेक

तेवढ्या दिवसांसाठी वेगळा ट्रॅव्हल विमा घ्या, व्हिसालाही तो दाखवावा लागतो. पण त्याच्यात तिचा डायबेटीस धरला जाणार नाही. म्हणून तीन महिन्यांचं इन्सुलिन, सुया आणि स्ट्रिप्स बरोबर द्या, सोबत डॉक्टरचं इंग्रजी पत्र आणि प्रिस्क्रिप्शन. सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. खाली लगेजमध्ये इन्सुलिन गोठलं तर वाया जातं, हे तुम्हाला मी काय सांगणार!

कासेचा अर्ज चोपड्यात बसूनच ऑनलाइन होतो, पासपोर्ट आणि ॲडमिशन लेटर लागतं. विमा झाल्याची खबर कासे परस्पर युनिव्हर्सिटीला कळवते, त्याशिवाय नाव नोंदवलं जात नाही. म्हणून हे ऑगस्टमध्येच उरकून घ्या. इथे आल्यावर घराचा पत्ता आणि बँक खातं कासेला कळवायचं आणि कार्डासाठी फोटो द्यायचा. कार्ड पोस्टाने घरी येतं, म्हणून पत्रपेटीवर तिचं नाव हवंच, नाहीतर पोस्टमन ते परत नेतो. डायबेटीसच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, ती आल्या आल्या मागायला सांगा.

मी श्टुटगार्टहून रेल्वेने तासाभरावर राहते. तिला मेसेज करायला सांगा, पहिल्या वेळी डॉक्टरकडे मी सोबत येईन.