गुडघा बेताचा, गाडी नाही: श्रावण ते दसरा सांगलीजवळ कुठं कुठं जमेल?

विश्रामबागकर:
माझं वय 68, सौ.चं 64. तिचा उजवा गुडघा दुखरा, हातात काठी. सपाटीला दोनेक किलोमीटर चालते, पायऱ्या तीस-चाळीसच्या वर नकोत. दोघांनाही रक्तदाबाची गोळी. एसटी, रिक्षा, वडाप (सीटवर चालणारी जीप) चालेल. यादी केलीय: हरिपूर, सागरेश्वर, तासगावचा रथ, आपल्या संस्थानच्या गणपतीची मिरवणूक आणि मिरजेचं विसर्जन. यातलं काय जमेल आणि काय सोडावं? ‘जपून जा’ सगळेच सांगतात, नेमकं सांगा.

सांगलवाडीचा:
हरिपूरपासून सुरुवात करा. रिक्षानं पंधरा मिनिटं. कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ एकाच जागी, त्यामुळं चालणं थोडं. फक्त श्रावणी सोमवार टाळा, त्या दिवशी यात्रा असते. बुधवार-गुरुवारी सकाळी देवळात निवांत बसायला मिळतं.

निघण्याआधी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी बघा. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी असेल तर त्या आठवड्यात संगमाचा नाद सोडा. पूर ओसरला म्हणून लगेचही जाऊ नका. पायऱ्यांवर गाळ बसलेला असतो, वरून सुकल्यासारखा दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. काठी तिथंच सटकते. काठीचं रबरी बूड झिजून गुळगुळीत झालं असेल तर आधी बदला, मेडिकलमध्ये मिळतं.

आणि पाण्यात पाय सोडून बसू नका. औदुंबर-भिलवडीपासून हरिपूरपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. कडेच्या उथळ, गढूळ पाण्यात त्या दिसत नाहीत.

सागरेश्वरला वरपर्यंत गाडी ठरवा आणि चालत खाली उतरा, दम लागणार नाही.

रानवाट:
वरच्या शेवटच्या ओळीशी सहमत नाही. उतार दमाला सोपा, गुडघ्याला नाही. उतरताना प्रत्येक पावलाला सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो, आणि मुरमाड वाटेवर बारीक खडे चपलेखाली गोट्यांसारखे फिरतात. दुखऱ्या गुडघ्यानं थोडं चढावं, उतरताना वाहन घ्यावं. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरतात तेही चूक. वहिनींचा उजवा गुडघा दुखतो, तर काठी डाव्या हातात हवी. पायरी चढताना आधी डावा, म्हणजे चांगला पाय. उतरताना आधी काठी आणि उजवा, मग डावा.

आता सागरेश्वर. रेल्वेनं ताकारीला उतरा, पुढं तीनेक किलोमीटर रिक्षा किंवा वडाप. परतीच्या गाडीची वेळ आधी बघा. रिक्षावाल्याला परत न्यायची वेळ सांगून ठेवा आणि त्याचा नंबर घ्या, परतीला वाहन मिळेलच असं नाही. दोन भाग आहेत, लोक त्यात गल्लत करतात. पायथ्याला जुन्या देवळांचा समूह आहे, दाट सावलीत. तुमच्यासाठी खरं ठिकाण तेच, दोन-तीन तास सहज जातात. दुसरा भाग अभयारण्याचा. उघड्या डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं हे जंगल, क्षेत्रफळ 10.87 चौ. किमी. त्यामागं वृक्षमित्र धों. म. मोहिते यांची खटपट होती. चितळ, सांबर, काळवीट आहेत, पण ती दिसतात सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना, आणि बोलणं बंद ठेवलं तरच. फाटकापासून अर्धा तास आत जायचं आणि तिथूनच मागं फिरायचं. वरच्या टोकावरून कृष्णाकाठ दिसतो खरा, पण त्यासाठी गुडघा पणाला लावू नका.

श्रावणातल्या भुरभुरीत वाट निसरडी असते. पाऊस उघडल्यावर, भाद्रपदात जा. चैत्र-वैशाखात मात्र अजिबात नको.

पेठभागवाले:
तासगावचा रथ बघाच की! भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी असतोय. दुपारी निघतोय, पण तुम्ही सकाळी दहाच्या आत गावात पोचा. रथाच्या दिवशी एसटी गावाबाहेरच थांबवली तर पुढं चालत जावं लागतंय, उशीर झाला की ते चालणं गर्दीतनं होतंय. आधी देवळात जावा. सात मजली गोपूर आणि उजव्या सोंडेचा गणपती सकाळीच नीट बघून होतोय.

रथ काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन परत येतोय. लाकडी, उंच, माणसं दोरानं ओढतात. धोका दोराचा. रथ थांबला की दोर ढिला पडून जमिनीवर येतोय, लोक तो ओलांडायला जातात, आणि तेवढ्यात हाळी होऊन दोर ताणला की पाय अडकतोय. दोर पडलेला दिसला तरी ओलांडायचा नाही. दुसरं, वरनं पेढे-खोबरं उधळतात, ते झेलायला रेटा येतोय. म्हणून वाटेवरच्या एखाद्या ओळखीच्या माडीवर किंवा दुकानाच्या उंच पायरीवर जागा आधीच विचारून ठेवा. गुलाल जोरात असतोय, साधा चष्मा आणि तोंडाला ओला रुमाल. परतीला रथ मागं फिरायच्या आधीच निघा.

सांगलीच्या संस्थान गणपतीची मिरवणूक पाचव्या दिवशी, सरकारी घाटावर विसर्जन. घाटावर उभं राहू नका, गणपती पेठेत कडेला घडीचं स्टूल टाकून बसा. दर्शन सकाळीच राजवाड्यात उरकून घ्या.

मिरजवेस:
मिरजेचं विसर्जन यादीतून काढा, असं मिरजकर असून सांगतो. मिरवणुका दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात, आणि स्पीकरच्या भिंतीपुढं पाच मिनिटंसुद्धा छातीत धडधडतं. कानात कापसाचे बोळे त्या आवाजाला पुरत नाहीत, फोमचे लागतात. बघण्यासारख्या असतात त्या स्वागत कमानी, आणि त्या आदल्या संध्याकाळी उभ्या असतात. तेव्हा या, रिकाम्या रस्त्यानं मान वर करून सगळ्या बघा.

त्याऐवजी मिरजेसाठी एक दुपार वेगळी काढा. सतारमेकरांच्या गल्लीत मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांपासून तंबोरा कसा होतो ते बघता येतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर कामात असतात, आत जायच्या आधी विचारा, आणि रंग वाळत घातलेल्या वाद्याला हात लावू नका. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो. लवकर गेलं तर भिंतीला टेकून बसता येतं.

विश्रामबागकर:
मिरजेची मिरवणूक रद्द, कमानी पक्क्या. काठीचा हातही आजच बदलला. एकच अडचण राहिली: लघवीची सोय नसते म्हणून सौ. सकाळपासून पाणीच पीत नाही.

रानवाट:
चक्कर त्यानंच येते. गोळी लघवी वाढवणारी असेल तर ती सहलीच्या दिवशी किती वाजता घ्यावी हे डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका. पाणी एकदम पिऊ नका, दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. स्वच्छतागृह एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर असतं, म्हणून पोचल्याबरोबर आणि निघताना तिथं जायचंच, लागलेली असो-नसो.

एसटीत तुम्हाला ज्येष्ठ म्हणून आणि वहिनींना महिला म्हणून अर्धं तिकीट. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा, कंडक्टर झेरॉक्स मान्य करेलच असं नाही.

सांगलवाडीचा:
उताराचं पटलं, चूक माझी. हरिपूरला पण मग रिक्षा देवळाच्या दारापर्यंत न्या. अलीकडं उतरलात तर पावसाळ्यात कडेची साइडपट्टी खचलेली असते.