मदत हवी आहे : इमॅजिकात पाच जणांच्या खाण्याला किती पैसे धरावेत?

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापुरातून आमच्या गाडीनं खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, ११ आणि ६ वर्षांची मुलं आणि सासूबाई. तिकिटं, डिझेल, टोल यांचा हिशेब बसलाय, अडलंय ते खाण्यापाशी.

वाटेत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आहेच, त्यामुळं सकाळचा नाश्ता गाडीतच होईल. पण पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. आतल्या खाण्यासाठी अडीच हजार बाजूला काढलेत, त्यापेक्षा जास्त जमणार नाही. एका ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं, तर "आत सगळं मिळतंय" एवढंच उत्तर. सगळं मिळतंय हो, पण केवढ्याला?

मुख्य काळजी सासूबाईंची. त्यांना शुगर आहे, गोळी घेतल्यावर लगेच काहीतरी पोटात जावंच लागतं. पिझ्झा-बर्गर त्यांना चालत नाही, साधी पोळी-भाजी किंवा वरण-भात हवा. आम्ही सगळे शाकाहारी.

नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर सांगा: जेवणासकट तिकीट परवडतं की आत थाळी घेतलेली बरी? शुगरवाल्यांना डबा नेऊ देतात का? आणि दुपारी गाडीपाशी येऊन जेवून परत आत जाता येतं का?