शब्दचर्चा: निर्व्याज, पाऊण टक्का आणि पांडवलेणीवरची ठेव

सिडकोवाली:
एक शंका. "निर्व्याज प्रेम" मधलं व्याज म्हणजे पतसंस्थेतलं व्याज का? घरी यावरून वाद पेटलाय. सासूबाई म्हणतात की बिनव्याजी म्हणजेच निर्व्याज, परत काही मिळेल ही अपेक्षा न ठेवता केलेलं ते. ऐकायला गोड वाटतं पण मला काय पटेना.

रविवारपेठी:
सासूबाईंचा अर्थ झकास आहे पण शब्द तसा बनलेला नाही. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, सोंग, कपट. शाळेत व्याजस्तुती अलंकार होता बघा, वरून स्तुती आतून टोमणा, तेच ते व्याज. निर्व्याज म्हणजे बिनकपटी. आता कपटातून बँकेत कसं आलं, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्याजी नावाची वसुली आहे, मापात कमीजास्त होतं या नावाखाली वर थोडं जास्तीचं घ्यायचे. काहीतरी निमित्त काढून वरचे पैसे, हा रस्ता मला तरी पटतो. पण त्याच ग्रंथात कर्जावरच्या व्याजाला व्याज म्हटलेलंच नाही, वृद्धी म्हटलंय. शंभर पणांवर (पण म्हणजे तेव्हाचं नाणं) महिना सव्वा पण हा धर्माला धरून, व्यापाऱ्याला ५, जंगलातून माल नेणाऱ्याला १०, समुद्रावर जाणाऱ्याला २०. जेवढा बुडायचा धोका जास्त तेवढा दर जास्त.

अंबड_सेकंडशिफ्ट:
महिना २० टक्के??? आमच्या गेटवर पैसे फिरवणारा भाऊ पण एवढे घेत नाही.

रविवारपेठी:
तुमचं जहाज बुडायची भीती नाही ना दादा, म्हणून.

गंगेवरचा:
वृद्धीचा विषय निघालाच आहे तर आपल्याच गावातला पुरावा सांगतो, नाशिककर पांडवलेणीवर सकाळी व्यायामाला चढतात, फोटो काढतात, पण १० नंबरच्या लेण्याच्या ओसरीत काय कोरलंय ते शंभरात एखादा बघतो. क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात (लेखात "जामाता" आहे, आपला जावई त्यातूनच आला), याने बौद्ध भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायमची ठेव ठेवली, वर्ष ४२ असं लेखात लिहिलंय, म्हणजे झाली सुमारे एकोणीसशे वर्षं. पैसे ठेवले कुठे तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघांकडे. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं. एका श्रेणीकडे २०००, दर "वृधि पडिकशत", शेकडा महिना एक. दुसरीकडे १०००, दर "वधि पायूनपडिकशत". आता तो पायून मोठ्याने म्हणून बघा. पाऊण! पादोन म्हणजे पाव कमी, त्याचं पायून, त्याचं पाऊण. शेकडा पाऊण टक्का. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, आपण पाऊण किलो वांगी मागतो तोच शब्द.

सिडकोवाली:
थांबा थांबा, हे खरंच असं लिहिलंय? आणि दोघांना वेगळे दर का?

गंगेवरचा:
असंच लिहिलंय ताई. दर वेगळे का ते लेखात सांगितलेलं नाही, पण हिशोब मात्र पक्का आहे. २००० वर महिना एक टक्का म्हणजे २०, वर्षाचे २४०. लेखात म्हटलंय लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्याच्या मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी "बारसक", म्हणजे चिवरासाठी (अंगावरच्या वस्त्रासाठी) बारा. वीस गुणिले बारा, २४०. पैचा फरक नाही. आणि ते दोन हजार कसे लिहिलेत तर "सहस्रानि बे". बे एके बे मधला बे! हल्लीची पोरं दोन एके दोन म्हणतात तो भाग वेगळा.

मेनरोडचा_मुनीम:
आमच्या धंद्यात बोलायचं तर मुद्दल कायम ठेवून व्याजावर खर्च भागवायचा, बरोबर ना? मुद्दल परत घ्यायची सोय होती का?

गंगेवरचा:
नव्हती काका, तेच तर. "अपडिदातवा वधिभोजा", परत द्यायचे नाहीत, फक्त वाढ खायची. आपण "व्याज खातो" म्हणतो ना, तो भोज तिथंच बसलाय. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि नोंदवून घेतलं असंही शेवटी कोरलंय. शिक्कामोर्तब पूर्ण. त्याच लेखात चिखलपद्र नावाच्या गावातली ८००० नारळाची झाडं दिल्याचं पण आहे. चिखल शब्दाचं वय मोजा आता.

येवल्याची_सून:
विणकरांना लेखात काय म्हटलंय? आमच्याकडे माग आहेत म्हणून विचारते.

रविवारपेठी:
कोलिक. "कोलिकनिकाय" म्हणजे विणकरांचा संघ. प्राकृतात कोलिअ म्हणजे विणकर आणि जाळं विणणारा किडा पण, भिंतीवरचा आपला कोळी तो हाच. मासे पकडणारे कोळी यात घुसडू नका प्लीज, नाहीतर इथं दोन दिवस भांडण चालेल.

मेनरोडचा_मुनीम:
वधि वरून आठवलं, माझे आजोबा "वाढीदिढी" म्हणायचे. पेरणीला धान्य उसनं द्यायचं आणि सुगीला दीडपट घ्यायचं, एक पोतं दिलं की दीड परत. तेव्हा वाढ म्हणजे व्याज हा अर्थ खेड्यात तरी अगदी आत्तापर्यंत जिवंत होता, व्याज हा शब्द नंतर वरचढ झाला. मुद्दल मात्र दक्षिणेकडचं वाटतं, तमिळमध्ये मुदल म्हणजे पहिलं आणि भांडवल पण.

अंबड_सेकंडशिफ्ट:
आणि हप्ता? तो तर महिन्याला जातो माझा.

रविवारपेठी:
फारसी. हफ्त म्हणजे सात, हफ्ता म्हणजे आठवडा. तुमचा आठवडा तीस दिवसांचा झालाय एवढंच.

गंगेवरचा:
जाता जाता, त्या सासऱ्याच्या पैशाचं पुढं काय झालं ते पण मजेशीर आहे. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांच्या वर नाणी, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला. नहपानाला हरवला, नाणी मात्र वितळवत बसला नाही, जुन्यावरच नवा छाप ठोकून चालू दिली. काही नाण्यांवर तर नहपानाचं नाक खालून अजून दिसतं.

सिडकोवाली:
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणे पाऊण टक्क्यात कोण पैसे ठेवतं, आणि निर्व्याजवर त्या अजून ठाम आहेत.

मेनरोडचा_मुनीम:
त्यांना सांगा पाऊण महिन्याला आहे, वर्षाचे नऊ टक्के होतात. आत्ता कुठली बँक देते ते विचारा.