घरात कर्णा हवा कशाला?

शहापूरकर
मागच्या महिन्यात अनगोळला मित्राकडे कर्ण्याचे स्पीकर ऐकले. तेव्हापासून माझे साधे बॉक्सचे स्पीकर तापातून उठल्यासारखे वाटायलेत. त्यानं बंद पडलेल्या टॉकीजमधले पंधरा इंची वूफर, म्हणजे खालच्या आवाजाचे स्पीकर, मिळवलेत आणि वर सुताराकडून करून घेतलेला लाकडी कर्णा. अँप्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, जेमतेम ३ वॅटचा. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावली. तबल्याची पहिली थाप पडली आणि मी खुर्चीतच मागे सरकलो. आवाज मोठा नव्हता ओ, वहिनी शेजारच्या खोलीत फोनवर बोलत होत्या. खरं थापेतला तो झटका आला. घरी गाणं ऐकायचं तर कर्णाच. कुणाला पटत नसेल तर बोला.

निपाणीचा तंबाखूवाला
भोंगा म्हणा की सरळ! जत्रेत पहाटे आमची झोप उडवतो तोच तुम्ही सोप्यात आणायलाय. पेटी त्यातून नाकात बोलते, आणि गवई बादलीत तोंड घालून गातोय असं वाटतं. त्याला तुम्ही जिवंतपणा म्हणणार.

उद्यमबाग फाउंड्री
तंबाखूवाले मामा, जत्रेतला भोंगा आत घडी घातलेला असतो. माणसाचं बोलणं लांब पोचावं एवढंच त्याचं काम. खालचा ढोल नाही, वरची झांज नाही. त्याच्यावरून घरच्या कर्ण्याला नावं ठेवू नका.

बांधावरून पलीकडच्या शेतात हाक मारताना आपण दोन्ही तळवे तोंडाशी धरतो की नाही? घसा तोच, जोर तेवढाच, खरं हाक लांब जाते. स्पीकरचंही तसंच. पडदा जड, हवा हलकी, त्यामुळे नुसता पडदा हलवला तर बरीच मेहनत वाया जाते. कर्णा हळूहळू रुंद होत ती हवेत उतरवतो. समजा बॉक्स १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल देतो आणि कर्णा १००. फरक १३ डेसिबल, म्हणजे वीसपट वॅट. त्या मित्राचे ३ वॅट बॉक्सच्या ६० वॅटच्या बरोबरीचे झाले. आणि तेवढ्याच आवाजाला पडदा कमी हलतो, म्हणून थाप फाटत नाही.

खानापूर रोड
आणि बासचं, म्हणजे खालच्या जाड आवाजाचं, काय करणार? ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब. तिला पुरेल असं कर्ण्याचं तोंड करायचं तर व्यास सव्वादोन मीटर. माझी खोली दहा बाय बारा फूट. मी कर्ण्यात बसून ऐकू काय? त्या मित्रानंही खाली साधा वूफरच लावलाय, म्हणजे अर्धाच कर्णा.

माझ्याकडे असा जोड दोन पावसाळे होता. इतका नाजूक कानाचा की अँप्लिफायरची गुणगुण रात्री अंथरुणात ऐकू यायची. गाणं बंद केलं तरी तीच. आमच्याकडचा पाऊस तर माहीत आहेच. दुसऱ्या आषाढात प्लायवूड फुगलं, वूफरच्या कागदी कोनाला बुरशी. येईल त्या किमतीला देऊन टाकला.

उद्यमबाग फाउंड्री
म्हणून तर अमेरिकेतल्या स्पीकर बनवणाऱ्या पॉल क्लिप्शनं १९४६ साली कोपरा धरला. खोलीच्या दोन भिंती आणि जमीन हाच कर्ण्याचा पुढचा भाग. मोकळ्यावर लागतं त्याच्या आठव्या हिश्श्याचं तोंड पुरतं. बुरशीला माझ्याकडे उत्तर नाही.

खानापूर रोड
आमच्या एका कोपऱ्यात देव्हारा, दुसऱ्यात दार. कुठला हलवू?

टिळकवाडीची गाणारी
मी गाणं शिकवते. अशा जोडावर गंगूबाई ऐकल्यात. आवाज समोर बसून गातल्यासारखा, अंगावर काटा आला. खरं मागचा तानपुरा पातळ. जवारीची, म्हणजे तारेच्या घोडीवरची, झणझण पुढे येते, खालचा खर्ज कुठंतरी मागे राहतो. आणि हातभर बाजूला सरकलं की सगळंच बदलतं. विद्यार्थिनींना ओळीनं बसवून ऐकवायचं असेल तर माझे साधे बॉक्सच बरे. एकटीसाठी असता तर घेतला असता, खोटं कशाला बोलू.

निपाणीचा तंबाखूवाला
बघा, आजोबांच्या ग्रामोफोनची आठवण ऐकायलाय सगळे. कान कमी, जीव जास्त.

उद्यमबाग फाउंड्री
मामा, त्या ग्रामोफोनला वीज नव्हती. चावी, सुई, पडदा आणि कर्णा, एवढ्यावर घरभर ऐकू यायचं. ती आठवण कुणाला असो-नसो, काम तर कर्ण्यानंच केलेलं.

शहापूरकर
ताईंचं तानपुऱ्याचं मला लागलं. त्या दिवशी मी तबल्याच्या नादात तिकडे लक्षच दिलं नव्हतं, पुन्हा जाऊन ऐकतो. खरं सुताराला विसार देऊन बसलोय. आता अडचण अशी की कर्णा ३२ इंच रुंद आणि आमच्या वाड्याचं दार २८. कुणी दोन तुकड्यांत करून आत जोडलाय काय?

निपाणीचा तंबाखूवाला
दार मोडू नका. माळवदावर लावा, आम्ही निपाणीतनं ऐकतो.