अनुभव धागा: कृष्णाकाठानं सायकलवर

घाटपायरी
काल भाच्यानं फोटो पाठवला. हरिपूर-कोथळी पुलाच्या कठड्याला टेकवलेली गिअरची सायकल, मागं कृष्णा-वारणेचा संगम. खाली एवढंच, "मामा, खिद्रापूरला निघालोय."
आमच्या वेळी तिथं पूल नव्हता. संगमेश्वराच्या घाटावर उतरायचं, सायकल नावेत आडवी घालायची आणि पायडल शेजारच्याच्या नडगीला लागू नये म्हणून पलीकडं पोचेपर्यंत हातानं धरून बसायचं. नावाडी माणसाचे वेगळे, सायकलचे वेगळे पैसे घ्यायचा. कोथळीला उतरलं की उसातली पाणंद, मग शिरोळ, मग नरसोबाची वाडी. दत्ताचं दर्शन नावाला, खरा जीव बासुंदीत.
नदीकाठचे रस्ते कुणीकुणी सायकलवर केलेत? वाईपासून शिरोळ तालुक्यातल्या राजापूरच्या बंधाऱ्यापर्यंत कुठलेही चालतील. येऊ द्या.

हळदीचं_बोट
हरिपूर म्हटलं की मला पेवंच आठवतात. आजोबा हळदीच्या व्यापारात. जमिनीखाली हळद साठवायची ही खोल पेवं, तोंड एवढंसं. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही, आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर आत हवा नाही, थांबा. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. सायकलचं काही नाही यात, माफी 😄

बाभूळकाटा
गळीत हंगामात जाणार असाल तर पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत पोचा. उसाच्या ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. वर टेपवर गाणी एवढी मोठी की घंटी काय, हॉर्न पण ऐकू जात नाही. रस्त्यावर पडलेल्या उसावरून पुढचं चाक गेलं की संपलं. आणि बांधावरच्या बाभळी. दोन ट्यूब ठेवा, एक नको.

वाईची_लेक
आम्ही वरच्या अंगाच्या. वाईहून मेणवली म्हणजे शाळकरी पोरांचं अंतर. ढोल्या गणपतीपासून निघायचं, नाना फडणवीसांचा वाडा, मागं घाट. तिथली ती मोठी घंटा पाहिलीय का नीट? १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हाची, पोर्तुगीज चर्चमधली. अंगावर मेरी आणि बाळ येशू आहेत. पुढं धोमचं नृसिंह मंदिर. हल्ली शनिवार-रविवारी फोटोवाल्यांची गर्दी असते, मधल्या वारी जा.

भिलवडी_स्टॉप
औदुंबर-भिलवडी पट्ट्यात पोहायचा विचार मनात पण आणू नका. मगरी हैत. थंडीत नदीकाठच्या गाळाच्या मळीवर ऊन खात पडलेल्या दिसतात, लांबनं लाकडाचा ओंडका वाटतो. आमचा गडी मोटर चालू करायला जाताना आधी काठी आपटतो.

घाटपायरी
@भिलवडी_स्टॉप आम्ही त्याच पाण्यात डुंबायचो की हो!

भिलवडी_स्टॉप
तवाबी हुत्या काका. तुमी दिसला न्हाईसा त्यास्नी 😂

रानवाट_ताई
कोल्हापुरी बंधाऱ्यावरून सायकल नेलीय का कुणी? पावसाळ्यानंतर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, मग एका अंगाला पाणी तुडुंब, दुसऱ्या अंगाला खडक उघडे. वरून जायला जेमतेम माणूसभर वाट, कठडा कुठं आहे कुठं नाही. मी खांद्यावर सायकल घेऊन चालले होते, समोरून एक आजी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आल्या. मागं कुणी सरायचं? आजींनी भाऱ्याआडून बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, चाकं असून उचलून का न्हेतीस?" मला उत्तरच सुचेना. मग आजीच बंधाऱ्याच्या खांबाच्या रुंदवट्यावर कडेला सरकल्या आणि मला पुढं जाऊ दिलं.

हळदीचं_बोट
😂😂 आजी जिंकल्या

शिरोळची_सून
खिद्रापूरला माझं चुलत सासर. वाडीहून कुरुंदवाड, सैनिक टाकळी, मग खिद्रापूर. रस्ता सपाट आहे, चढ नाही म्हणून खूश होऊ नका, संध्याकाळी समोरून वारं लागलं की दम निघतो. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात छत मधोमध गोल मोकळं आहे, त्याखाली फरशीवर पाच मिनिटं पडून राहा, मानेचा बाक जातो. नंदी शोधू नका, तो नाही तिथं. आमच्याकडं सांगतात की तो नदीपल्याड यडूरला बसलाय.
जाता जाता गावातल्या भिंती पण बघा. २०१९ च्या पुराच्या पाण्याची रेघ अजून काही घरांवर आहे, डोक्याच्या वर. आम्ही जनावरं सोडून निघालो होतो. दोन म्हशी परत मिळाल्या, बाकी नाही.

वाईची_लेक
ताई 🙏 काय बोलणार.

घाटपायरी
सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ४५ फूट म्हणजे धोका, हे आमच्या घरात पाढ्यासारखं पाठ होतं. २०१९ ला ५७ च्या वर गेलं. म्हशींचं वाचून वाईट वाटलं.

मुक्काम_नाशिक
गोदाकाठचं चालेल का? नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलो होतो. सायकलमुळं जवळ जाता येतं, गाडीचा आवाज झाला की सगळा थवा उठतो. सविस्तर नंतर लिहितो, कुकरची शिट्टी झाली.

बाभूळकाटा
@मुक्काम_नाशिक कुकर बंद करून या, वाट बघतोय.
@शिरोळची_सून कुरुंदवाडात पंक्चरचं दुकान सकाळी किती वाजता उघडतं?

शिरोळची_सून
स्टँडजवळचं नऊला. मालक चहाला गेला असला तर साडेनऊ. त्याला घाई सांगितली की अजून हळू करतो.

गोडघाशा
सगळे बासुंदीवर का अडलेत? वाडीची कवठाची बर्फी कुणी बोललं नाही अजून. आंबटगोड, दोन दिवस डब्यात टिकते, सायकलवाल्याला यापेक्षा काय पाहिजे.

रानवाट_ताई
बर्फी ठीक, पण मी दरवेळी वांगी आणते. कृष्णाकाठची वांगी हँडलला पिशवीत अडकवून सांगलीपर्यंत. ब्रेक दाबला की पिशवी गुडघ्यावर.

भिलवडी_स्टॉप
ताई भरीत का भरलं वांगं?

रानवाट_ताई
भरीत. चुलीवर भाजलेलं. गॅसवर भाजणाऱ्यांनी वेगळा धागा काढावा.

गोडघाशा
आलोच काढून.