प्रयोगवहीतली ‘कृती’: तुमचे अनुभव लिहा

भाचीचं उद्या ऑक्सिजनचं प्रात्यक्षिक आहे, म्हणून तिची प्रयोगवही चाळत होते. शेवटची ओळ: ‘आधी नळी पाण्याबाहेर काढावी, मग बर्नर बंद करावा.’ वाचलं आणि आमची प्रयोगशाळा डोळ्यांसमोर आली. ऑक्सिजन पाण्याखाली गोळा करायला पोटॅशियम परमँगनेट तापवत होतो, वायूच्या नळीचं टोक पाण्यात होतं. शेजारच्या टेबलावर एकाने आधी बर्नरच बंद केला. परीक्षानळीतला वायू गार होऊन आकसला, पाणी नळीतून सरसर वर चढलं आणि तापल्या काचेला लागताच तडाक! टेबलभर जांभळं पाणी. कुणाला लागलं नाही हे नशीब. तुमच्याकडेही असे अनुभव असतील, लिहा. तिला वाचून दाखवायचेत.

*

आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही!! सर वर्गाकडून तालावर म्हणवून घ्यायचे. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता पाण्याच्या जवळपास १.८४ पट, त्यामुळे वरून ओतलेलं पाणी वरच राहतं, तिथेच उकळतं आणि आम्लासकट अंगावर उडतं.

*

बापरे. त्या जांभळ्या पाण्याचे डाग गेले का पण? सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग तर बोटांवरून कित्येक दिवस जात नाहीत, त्वचा निघेल तेव्हाच.

*

मी विज्ञान शिकवते. पानातल्या स्टार्चच्या प्रयोगाला सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालून उभी असते. पान अल्कोहोलमध्ये उकळायचं ते गरम पाण्यात परीक्षानळी ठेवूनच. इथेनॉल ७८ अंशांच्या आसपास उकळतं आणि त्याची वाफ ज्योतीपर्यंत पोचली की पेटते. मी तर पाणी उकळलं की बर्नर बंद करायला लावते, तेवढी उष्णता पुरते. हिरवा रंग हळूहळू उतरतो, पान पांढुरकं आणि कडक होतं, मग कोमट पाण्यात बुडवून मऊ करायचं. मुलं ही पायरी गाळतात, आयोडीन घालताना पान मोडतं आणि मग ‘बाई, दुसरं पान द्या’.

*

+१ बाई. तुमच्यासारख्या शिक्षिका सगळ्यांना मिळोत.

*

टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून प्रमाण मोजायचं! मैत्रिणीने शंकूपात्रही सोड्याच्याच द्रावणाने खळबळून घेतलं. ब्युरेट, पिपेट या मापाच्या नळ्या ज्याच्या त्याच्या द्रावणाने, शंकूपात्र मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. आत सोडा जास्त उरला, रीडिंग वाढलं. शेजारचीचं उतरवून घेणार होती. सरांनी पाहिलं, न रागावता म्हणाले, ‘खोड आणि परत कर.’ जेवणाची सुट्टी गेली, पण तिची शेवटची रीडिंग्ज अगदी जुळली. आज ती औषधांच्या चाचण्या करते.

*

पिपेट तोंडाने ओढायचो आम्ही, आठवलं तरी काटा येतो. आता ओढायला रबरी बल्ब असतो ना?

*

हो, बल्बच. तोंडाने ओढू देत नाही.

*

घाईत लिहितोय, कुकर लावलाय. ओहमच्या नियमात रीडिंग घेऊन झालं की कळ काढायची. चालू ठेवली तर तार तापते, रोध वाढतो आणि आलेखाची रेघ वाकते. मग मुलं मीटरला दोष देतात.

*

सगळ्यांचे आभार! भाची विचारतेय, पहिले बुडबुडे का सोडून द्यायचे?

*

ती नळीत आधीपासून असलेली हवा असते, गोळा केली तर ऑक्सिजन शुद्ध मिळत नाही. हायड्रोजनच्या वेळी याला फार जपायचं, हवा मिसळलेली असली तर पेटवताना स्फोट होतो. आणि परमँगनेट असेल तर परीक्षानळीच्या तोंडाशी काचलोकर (काचेच्या तंतूंचा बोळा) लावायला सांगा, भुकटी नळीत जात नाही. केस बांधून जा म्हणावं.